'गोल्फ क्लब'वर गोल्फ कोण खेळायचं? आणि तिथे आपल्याला घेतलं असतं का?

सकाळची_फेरी

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गाला घेऊन गोल्फ क्लब मैदानावर गेले होते. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो क्षणभर विचारात पडतो, आणि 'गोल्फ क्लब' म्हटलं की मीटरला हात घालतो.

मुलांना जॉगिंग ट्रॅकच्या कडेला बसवून २१ डिसेंबर १९०९ ची रात्र सांगितली. कलेक्टर जॅक्सनची बदली झाली होती. निरोप म्हणून विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींनी 'शारदा'चा प्रयोग लावला होता, आणि तिथेच कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे, म्हणजे माझ्या दहावीतल्या मुलांपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे. सगळी गप्प झाली होती.

तेवढ्यात मागून एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण क्लब म्हणजे काय? त्यात आपण जाऊ शकलो असतो का?"

मी म्हटलं, साहेबलोकांचा होता, आपल्याला नसतं घेतलं. तिचा पुढचा प्रश्न: "मग साहेब गेल्यावर घेतलं?" यावर माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचायला बसले, तर जिथे तिथे संस्थापक लॉर्ड, महाराजे आणि झुंबरांचे फोटो. सभासद कसे निवडायचे, नाही कसं म्हणायचे, ज्यांना नाही म्हटलं त्यांनी पुढे काय केलं, हे मला मुलांना सांगायचं आहे. इथे कुणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर लिहा. वेळ आहे, शनिवारपर्यंत तास नाही.

वाचनवेल

थोडक्यात सनावळी देतो, बाकीचे जाणकार भर घालतील.

मूळ लंडनचं. तिथला सगळ्यात जुना क्लब 'व्हाइट्स', १६९३ साली चॉकलेट पिण्याचं दुकान म्हणून सुरू झाला. आपल्याकडे कलकत्त्याचा बेंगाल क्लब १८२७, मद्रास क्लब १८३२, मुंबईत भायखळा क्लब १८३३. पुढे १८४६ मध्ये मुंबईचा यॉट क्लब आणि १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना. 'जिमखाना' हा शब्द इंग्रजांनी आपल्याच 'गेंदखान्या'वरून घडवला असं म्हणतात. क्लबात रोख पैसे न देता सही करून द्यायची ती 'चिट', तीही आपली चिठ्ठीच.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. भायखळा क्लब निघाला त्यानंतर सातच वर्षांनी, १८४० मध्ये, आपल्या नाशकात वाचनालय सुरू झालं. तेच आजचं टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं 'सावाना'. भायखळा क्लब संपला, मैदानावरचं गोल्फ संपलं, पण सावानात आजही संध्याकाळी वर्तमानपत्रासाठी थांबावं लागतं.

मार्करचा_मुलगा

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न मला रात्रभर पुरला. मी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त होऊन इंदिरानगरला राहतो. पण माझे वडील मुंबईच्या एका जुन्या क्लबात बिलियर्डचे मार्कर होते, १९५२ पासून थेट निवृत्तीपर्यंत. क्लबाचं नाव लिहीत नाही. तिथल्या जुन्या नोकरांची नातवंडं अजून तिथेच कामाला आहेत.

आधी मार्कर म्हणजे काय ते सांगतो, कारण क्लबाच्या कुठल्याही इतिहासात हे सापडणार नाही. खेळणारे दोघं, आणि भिंतीपाशी उभा तिसरा तो मार्कर. गुण मोठ्याने सांगायचे, फळीवरचे काटे सरकवायचे, काठीच्या टोकाला खडू लावून द्यायचा. वडील चौथी शिकलेले, आमचं गाव इगतपुरीकडचं. पण इंग्रजी आकडे असे म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, कॉन्व्हेंटमधले आहेत. रोज सकाळी टेबलाचं हिरवं कापड ब्रशने झाडायचं, ठरलेल्या दिवशी इस्त्री फिरवायची, आणि दोन्ही कामं एकाच दिशेने, जिथून खेळ सुरू होतो त्या टोकाकडून काळ्या चेंडूच्या टोकाकडे. उलटा हात फिरला की कापडाची लव मोडते आणि चेंडू वाट सोडतो. घरी आई चादर झटकायची तेव्हासुद्धा वडील म्हणायचे, "अगं, एका बाजूने."

हा खेळही क्लब-मेसमधलाच. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७५ मध्ये जबलपूरच्या मेसमध्ये स्नूकर काढलं आणि १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लावले. (हा पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन नव्हे. मुलं नक्की विचारतील.) पण आमच्या घरात देव होता तो विल्सन जोन्स. पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला. कुठल्याही खेळात एकट्याच्या बळावर जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. वडिलांनी त्या दिवशी सगळ्या चाळीत पेढे वाटले, आणि चाळीतल्या निम्म्या लोकांना बिलियर्ड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

आता निवडीचं. कुणाला सभासद व्हायचं असेल तर आतल्या एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. मग ते नाव फळ्यावर लागायचं. काही दिवस ते तिथे राहायचं, येणारे-जाणारे वाचायचे. आणि मग पेटी.

पेटी सागवानी, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी. पुढे मनगट जाईल एवढं गोल भोक. आत दोन खण. मागच्या खणात काळ्या आणि पांढऱ्या गोळ्या. प्रत्येकाने हात घालायचा, एक गोळी उचलायची आणि पुढच्या खणात सोडायची. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. भोकाला आडोसा असा की कुठली उचलली ते हात घालणाऱ्यालाच कळावं. मग सेक्रेटरी खण उघडून मोजायचे. बहुमत लागत नसे. कुठे दहांत एक काळी पुरे, कुठे दोन मिळाल्या की माणूस बाद. आणि का बाद, हे कुणालाही सांगावं लागत नसे. ती पेटी बांधलीच होती त्यासाठी.

पेटी घेऊन खोलीभर फिरायचं काम वडिलांकडे होतं.

१९६१ ची गोष्ट. मी आठ वर्षांचा. आम्ही चिंचपोकळीला एका खोलीत राहायचो, आईला दमा. जवळच्या एका डॉक्टरांचा दवाखाना होता. ते रात्री-अपरात्री जिने चढून यायचे, आईला इंजेक्शन द्यायचे आणि पैशांचं नाव काढू द्यायचे नाहीत. त्यांना बिलियर्डचा फार नाद. त्यांच्या कुणा स्नेह्याने त्यांचं नाव त्या क्लबाच्या फळ्यावर लावलं. वडिलांना इतका आनंद झाला होता, की डॉक्टरसाहेबांसाठी म्हणून त्यांनी एक चांगली सरळ काठी बाजूला काढून ठेवली.

मतदानाच्या संध्याकाळी पेटी वडिलांच्या हातात. सेक्रेटरींनी खण उघडला तो वडिलांच्या डोळ्यांसमोर. तीन काळ्या.

त्या रात्री ते जेवले नाहीत, एवढंच मला आठवतं. पुढच्याच आठवड्यात आईला धाप लागली, डॉक्टर आले. जाताना जिन्यात हसत विचारलं, "काय हो, आमचं काय झालं तुमच्याकडे? कानावर आलं का काही?" वडील म्हणाले, "आम्हाला आतलं काही कळत नाही, डॉक्टरसाहेब." हे सगळं त्यांनी मला १९९४ मध्ये सांगितलं, जायच्या काही महिने आधी. तेहतीस वर्षं मनात ठेवलं होतं. त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं ते त्या तीन गोळ्यांपेक्षाही, ज्याने आपल्या बायकोचा जीव वाचवला त्याच्याशी आपण खोटं बोललो याचं.

मॅडम, १९६१ मध्ये त्या खोलीत इंग्रज उरले होते फार तर पाच-सहा. बाकी सगळे आपलेच. म्हणून तुमच्या मुलीला माझ्याकडून हे उत्तर द्या: साहेब गेल्यावर पेटी तिथेच राहिली आणि तिच्यात हात आपले गेले.

नाही म्हटल्यावर लोकांनी काय केलं, तेही विचारलंय तुम्ही. कलकत्त्यात राजेंद्रनाथ मुखर्जींना व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोंनी बेंगाल क्लबात जेवायला बोलावलं आणि क्लबाने हिंदी, म्हणजे भारतीय, माणूस म्हणून त्यांना आत घेतलं नाही, असं सांगतात. ज्यांच्या कंपनीने पुढे व्हिक्टोरिया मेमोरियल बांधलं ते हे मुखर्जी. त्यातून १९०७ मध्ये कलकत्ता क्लब निघाला, गोऱ्या आणि हिंदी दोघांसाठी खुला, आणि पहिले अध्यक्ष कूचबिहारचे महाराज. मुंबईत १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्याच धर्तीवर विलिंग्डन क्लब काढला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच विलिंग्डनचं स्मारक करायचं ठरलं, तेव्हा जिनांनी टाउन हॉलमध्ये लोक नेऊन ती सभा उधळली, आणि मुंबईकरांनी रुपया-रुपया वर्गणी काढून जिनांच्या नावाने हॉल बांधला. क्लबाचं दार उघडलं म्हणून लोकांनी बाकीचं माफ केलं नाही, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि चितगावला २४ सप्टेंबर १९३२ ला क्रांतिकारक प्रीतिलता वड्डेदार पहाडतलीच्या युरोपियन क्लबावर चालून गेली. वय एकवीस. कुत्र्यांना आणि हिंदी लोकांना प्रवेश नाही, अशी पाटी तिथे होती असं सांगतात. तुमचे कान्हेरे आणि ही प्रीतिलता एकाच तासात शिकवता येतील.

देवळालीकर

मार्करचा_मुलगा, तुमच्या वडिलांना नमस्कार. वाचून गलबललो.

एक बाजू मात्र मांडतो. मी तोफखान्यात होतो, अनेक गावांत मेस आणि क्लब पाहिले. बदलीच्या नोकरीत नवीन गावी उतरलं की ओळखीचा चेहरा क्लबातच भेटायचा. मुलं तिथल्याच तलावात पोहायला शिकली. काही क्लबांनी शंभर-दीडशे वर्षांची पुस्तकं वाळवीपासून जपली आहेत, झाडं जपली आहेत. मुंबईच्या मधोमध आज मोकळं हिरवं मैदान दिसतं, ते पुष्कळदा कुठल्यातरी जिमखान्याचं असतं. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना झाला, लाला अमरनाथनी ११८ केल्या. ते मैदान टिकलं म्हणून ती जागा आज दाखवता येते.

तुमच्या डॉक्टरांवर अन्याय झाला, यात शंकाच नाही. पण चार समविचारी माणसांनी एकत्र बसावं, यात वाईट काही नाही.

मार्करचा_मुलगा

देवळालीकर साहेब, चार माणसांनी बसण्याला माझी हरकत नाही. वडिलांचीही नव्हती. त्यांचं त्या खोलीवर प्रेम होतं. टेबलाचं कापड बदलायचं असलं की सुट्टी असूनही जायचे.

पण तुम्ही अमरनाथांची आठवण काढलीत म्हणून सांगतो. ज्या मैदानावर त्यांनी शतक ठोकलं, त्या जिमखान्याचे सभासद तेव्हा फक्त गोरे होते. धावा काढायला आत या, पण सभासद म्हणून नाही.

आणि क्रिकेटपटू पळवणकर बाळू. मॅडम, हे मुलांना नक्की सांगा. पूना क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी रोलरने दाबायची, जाळं बांधायचं आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा साहेब बाळूने बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. महिनाभराच्या कामाचे चार रुपये आणि ग्रेगला आठदा बाद केल्याचेही चार रुपये. पण नेटमध्ये त्यांच्या हाती बॅट कधी दिली नाही. पुढे हाच माणूस १९०६ मध्ये हिंदूंकडून खेळला आणि युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभरावर बळी घेतले. आणि पुण्यात आपल्याच लोकांनी चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला. चर्मकाराचा मुलगा म्हणून. ती पेटी नव्हती, पण गोळी काळीच होती.

डेक्कन_कोपरा

पुण्यातून लिहितोय, माहेर नाशिकचं समजा, आजोळ भद्रकालीत.

नकारातून काय उभं राहिलं, याचं आमच्या गल्लीतलं उदाहरण म्हणजे डेक्कन जिमखाना. १९०६ चा, इथल्या लोकांनी इथल्या लोकांसाठी काढलेला. १९१९ मध्ये तिथल्या मैदानी शर्यती बघायला सर दोराबजी टाटा आले. अनवाणी पळणारी खेड्यांतली पोरं बघून त्यांना वाटलं, ही ऑलिंपिकला जायला हवीत. १९२० मध्ये अँटवर्पला भारताचा संघ गेला, तो त्या दुपारमुळे. फडेप्पा चौगुले त्यात मॅरेथॉन पळाले, १९ वे आले.

मुंबईत मात्र जिमखाने धर्मावर वाटले गेले, पारशी १८८५, इस्लाम १८९२, हिंदू १८९४. एकाने दार लावलं म्हणून प्रत्येकाने आपापलं दार केलं. हे मला कधी कौतुकाचं वाटतं, कधी वाईट वाटतं.

आजचं एक: २०१४ मध्ये चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना धोतर नेसले म्हणून क्रिकेट संघटनेच्या क्लबात जाऊ दिलं नाही. तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदाच केला की अशी अडवणूक चालणार नाही. आपल्या घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या सार्वजनिक जागा सगळ्यांना खुल्या आहेत. पण खासगी क्लबाने कुणाला सभासद करावं, याबद्दल तिथे शब्द नाही.

सकाळची_फेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं. बाळूंचा हिशोब मुलांकडूनच करून घेणार आहे, आठ आणे गुणिले आठ.

मार्करचा_मुलगा काका, एक विचारू? तुमचे वडील स्वतः खेळले का कधी? आणि डॉक्टरांना पुढे कळलं का?

मार्करचा_मुलगा

खेळायचे. सोमवारी खोली बंद असायची. साफसफाईच्या नावाखाली चारही मार्कर संध्याकाळी जमायचे, पडदे ओढून घ्यायचे आणि एकच दिवा लावायचे. वडिलांचा सगळ्यात मोठा ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग मिळवलेले गुण, एक्केचाळीसचा. तारीख त्यांनी पंचांगाच्या मागे लिहून ठेवली होती. तेव्हा मोजायला तिसरा मार्कर भिंतीपाशी उभा असायचा, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा.

मी एकदाच गेलो तिथे, नऊ-दहा वर्षांचा असताना, स्वयंपाकघराच्या दाराने. बटलर होते गोव्याचे, त्यांनी कॅरॅमल कस्टर्डची वाटी हातात दिली आणि पायरीवर बसवलं. आतून चेंडूंचा आवाज यायचा, आणि मग वडिलांचा, आकडा सांगणारा.

डॉक्टरांना कळलं असणारच, पत्र जायचं तसं. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही आणि यायचंही थांबवलं नाही. आई १९७८ ला गेली, तोवर येत होते. वडिलांनी बाजूला काढलेली ती काठी निवृत्त होईपर्यंत रॅकमध्ये शेवटच्या खाचेत होती. कुणी हात लावला की म्हणायचे, "ती वाकडी आहे साहेब, दुसरी घ्या."

पुढे क्लबाने कागदी मतपत्रिका सुरू केल्या आणि जुनी पेटी अडगळीत टाकली. वडिलांनी ती मागून घरी आणली. का आणली हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आई त्यात सुया, दोरे आणि बटणं ठेवायची. आता माझ्याकडे आहे. बिजागरी एक निखळली आहे, पण गोळ्या आहेत, एकवीस पांढऱ्या आणि सहा काळ्या.

शनिवारी मुलांना पुन्हा मैदानावर नेणार असाल तर कळवा. मी सकाळी आठला गेटवर पेटी घेऊन येतो. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला आधी पेटी धरायला लावा आणि बाकीच्यांनी हात घालायचा. मग खण तिनेच उघडायचा.

सकाळची_फेरी

काका, शनिवारी आठ वाजता. त्र्यंबक रोडच्या बाजूचं गेट. मी तिला आज काहीच सांगत नाही.